मशीन आलं, बेतणं राहिलं

काशीत केदार घाट आणि दशाश्वमेध यांच्या दरम्यान राजा घाट आहे. जुनं नाव अमृतराव घाट. राघोबादादांचे दत्तक पुत्र अमृतराव पेशवे १८०३ साली इंग्रजांशी तह करून पुण्याच्या राजकारणातून बाजूला झाले आणि पुढचं आयुष्य त्यांनी कर्वी नि काशीच्या परिसरात काढलं. घाटाचं पक्कं दगडी बांधकाम त्यांच्या नावानं ओळखलं जातं. पायऱ्या चढून गल्ल्यांतून आत गेलं की थोड्याच अंतरावर मदनपुरा लागतो, बनारसी साडी विणणाऱ्यांचा जुना मोहल्ला. एकीकडे ब्रह्माघाट, दुर्गाघाटापासून इथपर्यंत पसरलेल्या मराठी घरांच्या खुणा, दुसरीकडे माग. आणि दोन्हीकडे मान न शिवलेल्या वस्त्राला. मराठी घरात पूजेला, स्वयंपाकाला सोवळं नेसायचं ते धूतवस्त्र असो, मुकटा असो की कद, त्याला सुई लागलेली चालत नसे. विणकराची साडीही मागावरून उतरते ती कात्री न लागता अंगावर जाण्यासाठीच.

घरच्या घरी आपले कपडे आपण शिवायला शिकावं का, शिकायचं तर कुठून आणि कसं, या प्रश्नाचा विचार अशा जागेपासून सुरू करण्यात अर्थ आहे. कारण आपल्याकडे रोजच्या पेहरावात शिवलेल्या कपड्याचा वाटा फार काळ लहान होता. नऊवारी म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास सलग कापड. धोतर, उपरणं, पंचा, शेला सगळं सलग. शिवायचं ते थोडं, आणि त्यातलं बरंच घरात. मग दीडशे वर्षांत शिवलेल्या कपड्यानं अंग व्यापलं, मशीन आलं, क्लास निघाले, पुस्तकं छापली गेली, आता मोबाईलवर हवा तो धडा मिळतो. या सगळ्यातून टीप मारायला शिकवण्याची सोय उत्तम झाली. कापड अंगासाठी बेतायला आणि बेतलेलं अंगावर बसवायला शिकवण्याची सोय तेवढी झाली नाही. घरी शिकणारी व्यक्ती अडते ती इथेच, आणि शिवणकाम सोडते तीही इथेच, असं माझं ठाम मत आहे.

जुन्या घरात काय शिवलं जात होतं ते आधी पाहू. बाळाचं अंगडं, टोपडं, कुंची, लंगोट, दुपटं. जुन्या लुगड्यांची गोधडी किंवा वाकळ. आणि खणाची चोळी. खण येत ते गुळेदगुड्डसारख्या बागलकोटकडच्या गावांतून. पन्हा अरुंद, काठ ठसठशीत. चोळी बेतताना हा काठ बाहीच्या कडेला आणि खाली पोटावर यावा अशी मांडणी करायची, पुढे गाठ मारायची, काखेत वेगळा तुकडा घालून हाताला मोकळीक द्यायची. बटण नाही, काज नाही, मापाची टेप नाही. नव्या चोळीचं माप म्हणजे जुनी चोळी. ती उसवायची, तुकडे नव्या खणावर ठेवायचे, मधल्या काळात अंग भरलं असेल तर बोटभर वाढवायचं, उतरलं असेल तर तेवढं कमी करायचं, आणि शिवणीत माया सोडायची म्हणजे पुढच्या वर्षी उसवून सैल करता येईल.

या पद्धतीकडे मागासलेपण म्हणून पाहिलं जातं. मला ती आजच्या बहुतेक शिकवणीपेक्षा शहाणी वाटते. तिच्यात तीन गोष्टी एकत्र होत्या. अंगावर आधी बसलेला कपडा हाच नमुना. चूक दुरुस्त करण्याची जागा कपड्यातच ठेवलेली. आणि शिकवणारी बाई घरातली, म्हणजे चोळी कुठे काचते, कुठे झोळ पडतो हे ती रोज डोळ्यांनी पाहत असे. शिवण हाताची होती, धावदोरा आणि उलटी टीप. वेळ लागत होता, पण बेत कुणा परक्याकडून घ्यावा लागत नव्हता.

गोधडीचंही तसंच आहे. तिला कुणी शिवणकामाचा वर्ग म्हणणार नाही, पण जुन्या कपड्याचे थर सरळ बसवणं, टाका सारखा ठेवणं, मऊ झालेल्या कापडाला न ओढता दोरा नेणं हे सगळं मुली तिच्यावरच शिकल्या. त्यातल्या कितीजणींना पुढे मशीनवर टीप सरळ यायला अडचण आली नाही, याचं कारण कापडाशी झालेली ही आधीची ओळख.

मशीनचा इतिहास मात्र घरातून सुरू होत नाही. फ्रान्समध्ये बार्तेलेमी तिमोनिए यानं १८३० साली साखळी टाक्याच्या मशीनचं पेटंट घेतलं आणि सैन्याचे कपडे शिवण्याचा कारखाना काढला. पोटावर पाय येणार म्हणून पॅरिसच्या शिंप्यांनी पुढच्याच वर्षी तो फोडला. अमेरिकेत एलायस होवचं वरचा-खालचा असे दोन दोरे अडकवणारं मशीन १८४६चं, आयझॅक सिंगरचं पेटंट १८५१चं. सिंगर कंपनीनं १८५६पासून हप्त्यावर विक्री सुरू केली आणि त्या एका युक्तीनं मशीन मध्यमवर्गाच्या घरात शिरलं. मुंबईत सिंगरचा पाय रोवला गेला तो १८७०च्या दशकात, नसरवानजी मेरवानजी पटेल या पारशी एजंटच्या हातून. पण इथे गिऱ्हाईक वेगळं होतं. मशीन आधी गेलं ते शिंप्याच्या ओट्यावर. इतिहासकार डेव्हिड अर्नोल्ड यांनी 'एव्हरीडे टेक्नॉलॉजी' या २०१३च्या पुस्तकात शिलाई मशीन, सायकल, टंकयंत्र यांनी हिंदुस्थानचं रोजचं जगणं कसं बदललं ते सविस्तर मांडलं आहे. त्यात शिलाई मशीनबरोबर शिंपीही ठळकपणे येतो. ज्या घरात बायका नऊवारी नेसतात आणि चोळी हातानं शिवतात, तिथे मशीनला काम तरी काय होतं?

काम निर्माण झालं ते पेहराव बदलल्यावर. सत्येंद्रनाथ टागोरांच्या पत्नी ज्ञानदानंदिनी देवी १८६०च्या दशकात मुंबईत राहिल्या, पारशी बायकांचं साडी नेसणं पाहून त्यांनी परकर आणि ब्लाउजसह नेसायची तऱ्हा बंगालमध्ये नेली, ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. महाराष्ट्रात पाचवारी सावकाश आली. मुलींचं परकर-पोलकं, मग ब्लाउज, मग पंजाबी ड्रेस, मॅक्सी. प्रत्येक पायरीवर शिवणीची लांबी वाढली आणि प्रत्येक पायरीवर घरातल्या हातून काम शिंप्याकडे सरकलं. आज तर नऊवारीसुद्धा शिवून मिळते. लग्नसराईत पुण्या-मुंबईची दुकानं तिच्यावर चालतात. जे वस्त्र पिढ्यान् पिढ्या कात्रीवाचून चाललं, तेच आज नेसवणारं कुणी घरात उरलं नाही म्हणून कापून शिवावं लागतं. मला याचं वाईट वाटतं, पण नऊ वाराच्या घोळाशी झगडणाऱ्या नव्या नवरीला दोष द्यावासा वाटत नाही.

गांधीजींनी १९२४ साली यंत्रांविषयीच्या एका संभाषणात सिंगरच्या मशीनला अपवाद मानलं होतं. बायकोचे शिवण्याचे कष्ट पाहून सिंगरनं ते बनवलं, म्हणजे त्यामागे माणसाचा विचार होता, असा त्यांचा युक्तिवाद. स्वदेशी मशीन आलं ते कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सचं 'उषा', १९३०च्या दशकात. स्वातंत्र्यानंतरच्या मराठी मध्यमवर्गीय घरात काळं, सोनेरी वेलबुट्टीचं पायमशीन ही प्रतिष्ठेची वस्तू झाली. रुखवतात भरतकामाच्या जोडीला मुलीनं स्वतः शिवलेले कपडे मांडले जाऊ लागले.

याच काळात शिकवण्याच्या संस्था उभ्या राहत होत्या, आणि त्यांचं ऋण मोठं आहे. पंडिता रमाबाईंचं शारदा सदन १८८९चं; त्यांच्याच केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पुढे शिवणापासून छपाईपर्यंत उद्योग चालत. धोंडो केशव कर्व्यांचा अनाथ बालिकाश्रम १८९६चा. पुण्याचं सेवासदन १९०९चं, रमाबाई रानड्यांनी वाढवलेलं. तिथल्या शिवणाच्या वर्गांनी कितीतरी विधवा आणि परित्यक्ता बायकांच्या हातात स्वतःची कमाई ठेवली. ज्या बाईला माहेर-सासर दोन्ही पारखं झालं, तिच्यासाठी शिवण म्हणजे दोन वेळचं जेवण आणि ताठ मान. काशीतही मराठी विधवांची संख्या लहान नव्हती. मुक्तीच्या आशेनं आलेल्या त्या बायकांना घाटावर आसरा मिळाला, पण हाताला काम फार थोड्यांना.

या संस्थांनी शिवण शिकवलं ते उपजीविकेचं साधन म्हणून. ते योग्यच होतं. पण त्यातून एक सवय पडली ती आजतागायत टिकून आहे: शिवण शिकवायचं ते दुसऱ्याचे कपडे शिवता यावेत म्हणून. आयटीआयमधला अभ्यासक्रम, उषा कंपनीच्या २०११पासूनच्या सिलाई शाळा, नगरपालिकांचं मशीनवाटप, सप्टेंबर २०२३मध्ये सुरू झालेली पीएम विश्वकर्मा योजना, सगळ्यांचं लक्ष्य हेच. विश्वकर्मा योजनेतल्या १८ व्यवसायांत शिंपी आहे आणि अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंतचं साहाय्य आहे. धंदा करणाऱ्याला हे हवंच. धंदा करणाऱ्याचं गणित वेगळं असतं. त्याला रोज वेगळं अंग समोर येतं, म्हणून त्याला चटकन चालणारं सूत्र लागतं. घरी शिवणारीला एकच अंग, फार तर चार. तिला सूत्रापेक्षा त्या अंगाची खोल ओळख लागते. तिला दिलं मात्र जातं ते शिंप्याचंच शिक्षण, तेही अर्धं.

इथे झारापकरांचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाता येत नाही. मुंबईचं झारापकर टेलरिंग कॉलेज आणि के. आर. झारापकरांचं कटिंगचं पुस्तक यांनी मराठी मुलखात आणि बाहेरही शिवणाच्या क्लासला एक सामायिक भाषा दिली. गल्लीतल्या कितीतरी क्लासमध्ये बाईंच्या वहीत जे सूत्र आहे, ते कुठून ना कुठून तिथूनच आलेलं असतं. पद्धत प्रमाणाची: छातीचं माप घ्यायचं, त्याचे चौथे, आठवे, बारावे भाग काढून मुंढा, गळा, खांदा ठरवायचा. युरोपातल्या शिंप्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला मापाच्या टेपबरोबरच ही कल्पना रुजवली. थोड्या मापांत अख्खा कपडा कागदावर उभा राहतो, हा तिचा मोठा गुण.

दोष तिथेच आहे. छाती ३६ असणाऱ्या दोन बायका घ्या. एकीची पाठ रुंद आणि पुढे बेताचं, दुसरीची पाठ अरुंद आणि पुढे भरलेलं. टेप दोघींना ३६ सांगते आणि सूत्र दोघींना एकच मुंढा देतं. पहिलीला पाठीत ताण येतो, दुसरीच्या पुढच्या मुंढ्यात झोळ राहतो. वाढत्या वयात छातीचं माप वाढतं तेव्हा सूत्र खांदाही रुंद करतं, पण माणसाचा खांद्याचा सांगाडा पंचविशीनंतर रुंद होत नाही. म्हणून पन्नाशीतल्या बाईचं ब्लाउज छातीला बसलं की खांद्यावरून घसरतं. ती म्हणते माझं अंगच बेढब. अंग ठीक आहे, चुकलंय ते सूत्र, आणि हे तिला कुणी सांगितलेलं नसतं.

क्लासमध्ये शिकवण्याचा क्रम झबलं, लंगोट, परकर, फ्रॉक, मग साधं ब्लाउज, फोर टक्स, कटोरी, प्रिन्सेस कट असा चढत जातो. क्रम चांगला आहे. पण प्रत्येक पायरीवर कपडा पुरा झाला की पुढचा सुरू. घालून पाहणं, कुठे सुरकुती पडली ती वाचणं, उसवणं, टाचण्या लावून बसवणं, परत शिवणं यासाठी तासच नसतो. शाळेतल्या कार्यानुभवाच्या वहीत धावदोरा, हेम, टीप, साखळी आणि काजाचे तुकडे चिकटवून जी मुलगी पास झाली, तिचंही तसंच होतं: टाका सुरेख, कपडा अंगाला परका.

युरोप-अमेरिकेनं यावर छापील कागदी नमुन्यांचा उपाय काढला. एबेनेझर बटरिकनं १८६३ साली मापवार नमुने विकायला सुरुवात केली. जर्मनीत एने बुर्डा यांच्या मासिकातून १९५०च्या दशकात नमुन्यांचे मोठे कागद घरोघरी गेले. दुसऱ्या महायुद्धानं तर घरशिलाईला सरकारी आधार दिला, ब्रिटनमध्ये १९४१ ते १९४९ कपड्यांवर रेशनिंग होतं. आपल्याकडेही युद्धकाळात कापडावर नियंत्रण होतं, पण कागदी नमुने रुजले नाहीत. घराजवळ स्वस्तात शिवून देणारा शिंपी होता हे एक कारण. दुसरं असं की आपल्याकडचा मुख्य शिवलेला कपडा म्हणजे ब्लाउज, आणि तो इतका अंगासरसा असतो की छापील सरासरी माप त्याला पुरत नाही. सैल फ्रॉकला चालेल ते ब्लाउजला चालत नाही. वस्त्रोद्योग मंत्रालय आणि निफ्टनं हाती घेतलेला 'इंडियासाइज' प्रकल्प सहा शहरांतल्या २५ हजारांच्या आसपास लोकांची मापं त्रिमितीय स्कॅनरनं घेण्यासाठी आखला गेला. तयार कपड्यांना त्याचा उपयोग होईलच. घरी बेतणाऱ्याला तो दुरून उपयोगी.

व्हिडिओंविषयी थोडक्यात. मराठीत आणि हिंदीत चांगले धडे भरपूर आहेत, आणि गावात क्लास नसलेल्या मुलीला ते वरदान आहेत. पण व्हिडिओतली बाई तुमचा मुंढा पाहू शकत नाही. शिवण दाखवायला तो उत्तम, बसवण शिकवायला अपुरा. त्यात पाच मिनिटांत ब्लाउज असं सांगणाऱ्यांपासून तर दूरच राहावं.

तर मग कुठून सुरुवात करावी? मशीनपासून, पण थोडाच वेळ. दोरा न ओवता कागदावर सरळ रेषेत, मग वळणावर सुई चालवायची. पायमशीन असेल तर चाक उलटं न फिरवता सुरू करता आणि थांबवता येणं हा पहिला धडा. खालच्या बाजूला दोऱ्याचा गुंता झाला की सगळे बॉबिनला दोष देतात. बहुतेक वेळा वरचा दोरा टेन्शनच्या चकत्यांत नीट बसलेला नसतो. टाका सुटत असेल तर आधी सुई बदला, बोथट किंवा किंचित वाकलेली सुई डोळ्यांना दिसत नाही. पातळ रेशमाला ११ नंबर, साध्या सुतीला १४, जाड कापडाला १६. नवं मशीन घेताना झिगझॅगच्या वीस नक्षींच्या मोहात पडू नये. सरळ टीप सुबक देणारं, जुनं पण नीट दुरुस्त केलेलं मशीन नवशिक्याला पुरतं.

मग कापड. सुती कापड रात्रभर पाण्यात भिजवून, खळ काढून, वाळवून मगच बेतायचं, नाही तर पहिल्या धुण्यात कपडा आटतो आणि आपण आपल्या मापाला दोष देतो. उभा धागा ओळखायचा. तो कापडाच्या काठाला समांतर असतो आणि कमी ताणतो. कपड्याची लांबी त्याच्या दिशेनं. गळ्याची पट्टी मात्र ४५ अंशांत तिरकी, कारण तिरक्यात कापड वळतं.

पहिला कपडा सहा कळ्यांचा परकर. यापेक्षा चांगला गुरू मला माहीत नाही. दोन-सव्वादोन मीटर कापड, छत्तीस इंची पन्हा. कळी वर अरुंद, खाली रुंद. एक सरळ, दुसरी उलटी ठेवली की कापड वाया जात नाही. कमरेचा घेर सहांत वाटायचा आणि प्रत्येक कळीला दोन्ही बाजूंनी माया धरायची. इथेच शिकणारीची पहिली चूक होते: माया एकाच बाजूची धरली जाते, सहा कळ्यांत ती सहापट होते आणि परकर कमरेला तंग होतो. ही चूक आयुष्यभर विसरत नाही, म्हणून ती लवकर झालेली बरी. सरळ लांब टिपा, नेफा, नाडीची चीर, खाली हेम. चुकलं तरी साडीखाली दिसत नाही.

दुसरा कपडा घरातला सैल कुर्ता, स्वतःचा जुना, आवडता, चांगला बसणारा. तो उसवा. खरंच उसवा. इस्त्री करून तुकडे कागदावर आखा, माया वेगळी मोजून लिहा. खणाच्या चोळीची रीत हीच. ज्या कपड्यानं आधीच तुमच्या अंगाशी जमवून घेतलंय, त्याच्या आकारात सूत्राला न दिसणारी माहिती असते. पुस्तकातला आराखडा त्याच्याशेजारी ठेवून पाहा, कुठे वेगळं आहे ते टिपा. दोन तास जातील, पण तुमच्या अंगाविषयी इतकं कुठला क्लास सांगणार नाही.

ब्लाउज तिसरं, आणि त्याआधी जुन्या चादरीचं एक कच्चं ब्लाउज, लांब कच्च्या टाक्यांनी जोडलेलं, गळा-बाही न संपवता. ते घालून आरशासमोर उभं राहायचं आणि सुरकुत्या वाचायच्या. सुरकुत्या छातीच्या टोकाकडे रोखलेल्या असतील तर तिथे कापड कमी आहे, टक्स खोल हवेत किंवा पुढा मोठा. पुढच्या मुंढ्यात झोळ असेल तर तो चिमटीत धरून टाचणी लावायची. ती चिमूट टक्समध्ये वळवता येते. गळा मागे ओढला जात असेल तर पाठीची लांबी कमी पडली आहे किंवा खांदे पुढे झुकलेले आहेत. आणि हात वर केल्यावर सगळं ब्लाउज वर चढत असेल तर मुंढा जास्त खोल झालाय. नवशिक्या इथे हमखास उलट करतात, काचतंय म्हणून मुंढा आणखी खणतात. मुंढा काखेजवळ ठेवला तरच हात मोकळा फिरतो. हे एक वाक्य मला कुठल्याही वहीत ठळक छापलेलं पाहायचं आहे.

यानंतरच बनारसीला हात घालावा. बनारसच्या ब्रोकेड आणि साड्यांना २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं. साडीबरोबर येणारा ब्लाउजपीस घरी शिवायचं धाडस अनेकजणींना होत नाही, आणि घाईनं करूही नये. जरीचं कापड कापल्याबरोबर कडेनं सुटायला लागतं. म्हणून माया नेहमीपेक्षा जास्त, आणि कापण्याआधी अस्तर बरोबर लावून दोन्ही एकत्र टाचून घ्यावं. बुट्टीला वरची-खालची बाजू असेल तर सगळे तुकडे एकाच दिशेला, मग कापड जास्त लागतं. पाठीच्या मध्यावर आणि दोन्ही बाह्यांवर बुट्टी समोरासमोर आली पाहिजे. टाचण्या शिवणीच्या आतच टोचाव्यात, कारण रेशमावर पडलेलं भोक बुजत नाही. त्याच कारणानं उसवणं परवडत नाही, म्हणूनच आधी चादरीवर बसवून घेतलेलं ब्लाउज हवं. इस्त्री मंद, वर सुती कापड ठेवून. मदनपुऱ्यातल्या मागावर दिवसच्या दिवस घालवून जे कापड उतरतं, त्याला आपल्या बाजूनं देण्यासारखी गोष्ट म्हणजे कात्री लावण्याआधीचा हा धीर.

पैशाच्या प्रश्नावर सरळ बोललं पाहिजे. घरी शिवून पैसे वाचतात हे आता खरं नाही. तिरुपूरचा टी-शर्ट किंवा तयार कुर्ता ज्या किमतीत मिळतो, तेवढ्यात चांगलं कापडही येत नाही. ब्लाउजची शिलाई मात्र शहरांत इतकी वाढली आहे की तिथे थोडं गणित जमतं. मशीन, कात्री, इस्त्री, दोरे आणि चुकलेलं कापड धरलं तर पहिली काही वर्षं तोटाच. पैसे वाचवायला म्हणून जी शिकायला बसते ती निराश होते, आणि तिची निराशा योग्य आहे. ज्यांना दुकानाचे कपडे नीट बसतात आणि शिवायची ओढ नाही, त्यांनी खुशाल विकत घ्यावेत. त्यांनी बटण लावणं, हेम घालणं, उसवलेली शिवण जोडणं एवढं शिकलं तरी कपड्याचं आयुष्य वाढतं.

ज्यांना दुकानात काहीच बसत नाही, त्यांची गोष्ट निराळी, आणि माझ्या मते घरशिलाईचं आजचं खरं कारण तेच आहे. कुबड आलेल्या आजीच्या पाठीला लांब आणि पोटाला आखूड कापड लागतं. बाजारात ते नाही. खांदा वर उचलता न येणाऱ्याला डोक्यातून घालायचा गाऊन यातना देतो, त्याला पुढून किंवा खांद्यावरून उघडणारा हवा. संधिवातानं वाकलेल्या बोटांना हूक लागत नाहीत, तिथे वेल्क्रो किंवा मोठी बटणं. स्तनाचं ऑपरेशन झालेल्या बाईला अस्तरात एक खिसा हवा असतो, एका बाजूला भर देण्यासाठी, आणि ते शिंप्याला समजावून सांगणं तिला जड जातं. व्हीलचेअरवर बसणाऱ्याच्या पँटला मागे उंची जास्त, पुढे कमी. यातलं एकही काम शिवण म्हणून अवघड नाही. सगळी अडचण बेतण्यात आहे, आणि हे बेतणं घरातलं माणूस शिंप्यापेक्षा चांगलं करू शकतं, कारण ते अंग त्याच्या रोजच्या पाहण्यातलं आहे. हे पुरुषांनाही लागू आहे. शिंप्याच्या ओट्यावर पिढ्यान् पिढ्या पुरुष बसले. घरातल्या मशीनवर बसायला त्यांना कसली अडचण?

२०२०मध्ये मास्क शिवण्यासाठी बचत गटांची आणि घरांची धूळ खात पडलेली मशीन बाहेर निघाली. अनेकींनी त्यानंतर ती परत झाकली नाहीत. त्यांना पुढे नेणारं काय असायला हवं, तर मराठीत कपडा बसवण्यावरचं एक चांगलं सचित्र पुस्तक: वेगवेगळ्या वयांच्या, वेगवेगळ्या बांध्यांच्या आपल्याच बायका-पुरुषांची चित्रं, प्रत्येक सुरकुतीचं कारण आणि उपाय. क्लासमध्ये हवा एक महिना फक्त दुरुस्तीचा, ज्यात नवा कपडा शिवायचाच नाही. घरून न बसणारे कपडे आणायचे, एकमेकींच्या अंगावर टाचण्या लावायच्या, उसवायचे, परत जोडायचे. झारापकरांची वही त्या महिन्यातही टेबलावर असू द्यावी. तिच्यातली रेघ आणि अंगावरची टाचणी यांतलं अंतर प्रत्येकीनं आपापल्या वहीत इंचात लिहून ठेवावं, वर्षानुवर्षं, अंग बदलेल तसं.